नाशिकला यायचं, पण उतरायचं मनमाडला

पत्र : "आम्ही बंगळुरूला राहतो. माहेर नाशिकला, जेल रोडवर, सासर येवल्याला. मुलगी आठ वर्षांची, मुलगा तीन वर्षांचा. नाताळच्या सुट्टीत, २४ डिसेंबर ते ३ जानेवारी, आम्ही घरी येतो आणि दर वेळी दमून परत जातो. गेल्या वर्षी रेल्वेचं तिकीट वेटिंगवरच राहिलं, म्हणून ऐन वेळी मुंबईपर्यंत विमान आणि पुढे टॅक्सी केली. भिवंडीच्या अलीकडेच दोन तास गेले. तिसऱ्या दिवशी धाकट्याला सर्दी-ताप. आधी माहेरी उतरतो म्हणून सासूबाई नाराज, येवल्याला दोनच दिवस मिळतात म्हणून नवरा नाराज. नातेवाईक आणि मैत्रिणी मिळून अकरा घरं, त्यातली चार राहिलीच. आई आठही दिवस स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. या वेळी नीट करायचंय. सुरुवात कुठून करू?" — एक माहेरवाशीण, बंगळुरू

ताई, सुरुवात नकाशापासून करा. तुम्ही दर वेळी नाशिक धरून प्रवास आखता आणि येवला त्याला मागून जोडता. या वेळी मनमाड धरून आखा. बंगळुरूहून दिल्लीला जाणारी कर्नाटक एक्सप्रेस सोलापूर, दौंड, अहिल्यानगर करत मनमाडला येते आणि तिथून भुसावळकडे वळते. ती नाशिक रोडला येतच नाही. त्यामुळे तिकीट शोधताना 'नाशिक रोड' टाकणाऱ्यांच्या नजरेतून ती सुटते आणि माणसं मुंबईचा वळसा घालतात. मनमाडहून येवला तीस किलोमीटरच्या आत आहे, तर नाशिक नव्वदच्या आसपास. म्हणजे गाडीतून उतरून नाशिकला जायचं आणि मग उलट येवल्याला यायचं, यात एक अख्खा दिवस आणि मुलांची ताकद वाया जाते. २४ च्या संध्याकाळी निघा, २५ ला मनमाडला उतरून थेट सासरी जा, २८ च्या दुपारपर्यंत तिथेच राहा. मग नाशिक. २ जानेवारीला पुन्हा मनमाडहूनच परतीची गाडी.

यात सासूबाईंची नाराजी आपोआप निम्मी होते, कारण घरात पाऊल पहिल्यांदा त्यांच्याकडे पडतं. दिवस मोजून कोणाचं समाधान होत नसतं. शेवटच्या दोन दिवसांत दमलेली, नाक वाहणारी नातवंडं वाट्याला येणं आणि प्रवासातून उतरलेली उत्साही नातवंडं तीन दिवस मिळणं, यात फार फरक आहे. हा बदल सासरी आणि माहेरी दोन्हीकडे फोन करून आत्ताच सांगा. येवल्याचा फोन तुमच्या नवऱ्याने करावा, नाशिकचा तुम्ही. उलटं केलंत तर "सुनेने ठरवलं" किंवा "जावयाने अडवलं" असा अर्थ निघतो आणि तो निस्तरण्यात सुट्टी जाते.

आता तिकीट. रेल्वेचं आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. प्रवासाचा दिवस त्यात धरत नाहीत. २४ डिसेंबरच्या गाडीचं आरक्षण २५ ऑक्टोबरला सकाळी आठ वाजता उघडेल. परतीच्या तारखेत मात्र बरेच जण फसतात. साठ दिवस मोजायचे ते गाडी जिथून सुटते तिथल्या तारखेपासून. २ जानेवारीला मनमाडला येणारी गाडी दिल्लीहून १ जानेवारीला सुटलेली असते, म्हणून तिचं आरक्षण २ नोव्हेंबरलाच उघडतं. ३ नोव्हेंबरला सकाळी आठला तयारीत बसलात तर एक दिवस उशीर झालेला असेल. या दोन्ही तारखा दिवाळीच्या आगेमागे येतात आणि फराळाच्या गडबडीत निसटतात. आत्ताच मोबाइलमध्ये गजर लावून ठेवा.

दोन्हींत परतीचं तिकीट जास्त जिवाचं समजा. येताना चुकलं तर सुट्टीचा एक दिवस जातो. जाताना चुकलं तर रजा, शाळा आणि शेवटच्या दिवसाची शांतता, तिन्ही जातात.

आयआरसीटीसीचं खातं आधारशी जोडलेलं आहे का, ते आधीच्या आठवड्यात बघा. आरक्षण उघडल्यावरचा सुरुवातीचा वेळ आता अशा खात्यांसाठीच राखीव असतो, आणि तत्काळचं तिकीटही आधार-पडताळणीशिवाय ऑनलाइन निघत नाही. चौघांची नावं आणि वयं प्रवासी यादीत आधीच भरून ठेवा. पैसे आयआरसीटीसीच्या वॉलेटमध्ये असले तर बँकेच्या ओटीपीची वाट बघावी लागत नाही. गर्दीच्या तारखांना तिकीट हुकण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे नावं टाइप करण्यात आणि ओटीपी येण्यात गेलेली मिनिटं.

तीन वर्षांच्या मुलाला पाच वर्षांखालचा म्हणून तिकीट लागत नाही, पण त्याला वेगळा बर्थही मिळत नाही. आठ वर्षांच्या मुलीला अर्ध्या भाड्यात बर्थशिवाय नेता येतं. तसं करू नका. रात्रभराच्या प्रवासात दोन बर्थवर चौघं म्हणजे कोणीच झोपत नाही, आणि दुसऱ्या दिवशीची चिडचिड थेट सासरच्या अंगणात उतरते. तिचं पूर्ण भाड्याचं तिकीट काढा. तीन बर्थ पुरतात. आरक्षण करताना 'किमान एक खालचा बर्थ मिळाला तरच' असा पर्याय दिसतो. मुलं बरोबर असली की तो निवडायचा मोह होतो, पण गर्दीच्या दिवशी त्याच अटीमुळे तिकीट निघतच नाही. आधी तिकीट घ्या. खालचा बर्थ डब्यात अदलाबदलीने बहुधा मिळतो.

परतीच्या तिकिटाला मनमाडहून वेटिंग दिसलं तर आकड्याआधीची अक्षरं वाचा. 'जीएनडब्ल्यूएल', म्हणजे सर्वसाधारण रांग असेल तर आशा बरी. 'आरएलडब्ल्यूएल' किंवा 'पीक्यूडब्ल्यूएल' असेल तर ती मधल्या स्थानकांच्या छोट्या कोट्याची रांग आहे, ती फार हळू सरकते. तिथला दहावा नंबर सर्वसाधारण रांगेतल्या तिसाव्यापेक्षा वाईट असू शकतो. अशा वेळी भुसावळ किंवा खंडव्यापासून बंगळुरूपर्यंत जागा आहे का ते बघा. असल्यास तिथून तिकीट काढून त्याच वेळी 'बोर्डिंग' मनमाड टाका. भाडं थोडं जास्त पडतं, बर्थ मात्र पक्का होतो. बोर्डिंग बदलायला विसरलात तर भुसावळलाच तुम्ही आला नाहीत अशी नोंद होते आणि बर्थ दुसऱ्याला जातो. हे खरंच घडतं.

पूर्ण वेटिंगवर राहिलेलं ऑनलाइन तिकीट आरक्षणाचा तक्ता (चार्ट) लागल्यावर आपोआप रद्द होतं आणि पैसे परत येतात. ते घेऊन आरक्षित डब्यात चढता येत नाही. चढलात तर दंड भरावा लागतो आणि पुढच्या स्थानकावर उतरवलं जातं. तत्काळवर कुटुंबाचा प्रवास टांगून ठेवू नका. ते आदल्या दिवशी वातानुकूलित डब्यांसाठी सकाळी दहाला आणि स्लीपरसाठी अकराला उघडतं, एका तिकिटावर चारच जण बसतात, आणि पक्कं झालेलं रद्द केलं तर एक रुपयाही परत मिळत नाही.

परतीची दुसरी अडचण धुक्याची. नाशिककर तिच्याकडे लक्ष देत नाहीत, कारण आपल्याकडे धुकं आठ-नऊला विरून जातं. डिसेंबरअखेरीस दिल्ली, आग्रा, ग्वाल्हेर या पट्ट्यात मात्र ते दाट असतं. बंगळुरूहून येताना कर्नाटक एक्सप्रेस त्या पट्ट्यात पोचायच्या आधीच तुम्ही मनमाडला उतरलेले असता. परत जाताना तीच गाडी तो पट्टा ओलांडून येते आणि काही तास उशिरा येऊ शकते. म्हणून ४ जानेवारीला कामावर जायचं असेल तर २ तारखेची गाडी धरा, ३ ची नाही. मधली एक रात्र हातात राहिली पाहिजे. २ तारखेला सकाळपासून गाडी कुठे आहे ते बघत राहा. ती भोपाळ, इटारसी, खंडवा, भुसावळ करत मनमाडला येते. जेल रोडहून मनमाड रस्त्याने चांदवडमार्गे साधारण दोन तास. म्हणून गाडीने खंडवा सोडलं की तुम्ही घर सोडा. भुसावळची वाट बघू नका, कारण तिथून पुढे गाडी वेळ भरून काढू शकते. उशीर सकाळीच कळला तर मुलांचं जेवण आणि दुपारची झोप घरीच होऊ द्या. मनमाडच्या फलाटावर गार वाऱ्यात चार तास काढण्यात काही अर्थ नाही.

नाशिक रोडहून मनमाडला रेल्वेनेही तासाभरात जाता येतं, पण मग हातात किमान तीन तास ठेवा आणि मुंबईहून सुटणारी गाडी निवडा.

विमानाचं म्हणाल तर ओझर विमानतळ शहरापासून वीसेक किलोमीटरवर आहे आणि तिथून बंगळुरूला इंडिगोची थेट सेवा आहे. ती कोणत्या वारी आणि किती वाजता आहे हे हिवाळी वेळापत्रकात बघूनच ठरवा. दोन वर्षांवरच्या मुलाला पूर्ण तिकीट लागतं, म्हणजे तुमच्या चार जागा होतात. पैसे परवडत असतील तर येताना रेल्वे आणि परतताना ओझर ही जोडी चांगली, कारण धुक्याचा धोका परतीलाच आहे. मुंबईमार्गे येणं मात्र शेवटचा पर्याय ठेवा. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी–आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला आणि कसारा घाट टळला. पण आमणे भिवंडीच्या पुढे आहे. विमानतळ ते आमणे, म्हणजे ठाणे–भिवंडीचा तुमचा छळवादी पट्टा, अजून जुन्याच रस्त्याने पार करावा लागतो. तशीच वेळ आली तर टॅक्सीऐवजी ठाणे किंवा कल्याण गाठून नाशिककडची गाडी पकडा. परतताना नाशिक रोडहून मुंबईला जायचं झालं तर उत्तरेकडून येणारी गाडी घेऊ नका. पंचवटी, तपोवन किंवा शिर्डीहून सुटणारी वंदे भारत घ्या, त्यांना धुकं लागत नाही.

मनमाड ते येवला आणि येवला ते नाशिक हे दोन्ही टप्पे उजेडात करा. गाळप हंगाम सुरू असतो. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर मागच्या दिव्यांशिवाय रस्त्याच्या मधोमध चालतात, आणि त्यांत विंचूर-लासलगावकडे निघालेली कांद्याची वाहनं मिसळतात. २५ ला गाडी उशिरा पोचली आणि अंधार झाला, तर घाई न करणारा, रस्ता पाठ असलेला चालक बघा. घरातल्या कोणाला स्वेटर घालून मोटरसायकलवर बोलावू नका.

थंडीचं थोडं सविस्तर सांगतो, कारण गेल्या वर्षीचा ताप नुसता गारठ्याने आला नसावा. व्हायरस प्रवासात आणि गर्दीत लागतो. गारठा आणि अपुरी झोप त्याला मदत करतात. बंगळुरूत डिसेंबरमध्ये पहाटे पंधरा-सोळा अंश असतात. नाशिकला आठ-दहा, आणि निफाड-येवला भागात त्याहून खाली जातं. दुपारी मात्र हाच पारा अठ्ठावीसच्या आसपास चढतो. एकाच दिवसातला हा अठरा-वीस अंशांचा फरक मुलांना सोसत नाही. म्हणून एक जाड जॅकेट उपयोगाचं नाही. आत सुती बनियन, वर पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, त्यावर पातळ स्वेटर, सर्वांत वर वारा अडवणारं काहीतरी. सकाळी चारही थर, दहाला वरचं काढा, अकराला स्वेटर काढा, साडेपाचला परत चढवा. स्वेटरमध्ये घामाघूम होऊन खेळणारं आणि तसंच संध्याकाळच्या वाऱ्यात बसणारं मूल हमखास शिंकायला लागतं. प्रत्येकी दोन स्वेटर, एक कानटोपी, पाच-सहा जोड मोजे आणि घरात घालायच्या मऊ चपला आणा. आपल्या घरांत फरशी बर्फासारखी गार असते आणि तीन वर्षांचं मूल मोजे काढून टाकतंच, त्यामुळे चपला विसरू नका. अंघोळ सकाळी सातची नको, अकराची. "लवकर आवरा" म्हणणाऱ्या सगळ्यांना नवऱ्याने एकदाच हे सांगून टाकावं. खोबरेल तेल बाटलीत गोठलेलं मिळेल, ते आदल्या रात्रीच वाटीत काढून ठेवा.

औषधांत तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी मुलांच्या वजनानुसार लिहून दिलेलं पॅरासिटामॉल, नाकात घालायचे सलाइनचे थेंब आणि तापमापक, एवढं पुरे. चार वर्षांखालच्या मुलाला दुकानातून आणलेलं खोकल्याचं औषध देऊ नका, आजी कितीही आग्रह करो. ताप तीन दिवसांहून जास्त टिकला, श्वास जलद चालला किंवा मूल पाणीही घेईनासं झालं तर घरगुती उपाय थांबवून बालरोगतज्ज्ञांकडे जा.

आता गॅस गिझर. हे वाचून झाल्यावर आई-वडिलांना आजच फोन करा अशी कळकळीची विनंती आहे. घरात दोन माणसं असताना गॅस गिझर सकाळी पंधरा मिनिटं चालतो. पाहुणे आले की तोच लागोपाठ सहा-सात अंघोळींना तासभर चालतो. थंडी वाजते म्हणून न्हाणीघराच्या झरोक्याला पुठ्ठा लावलेला असतो, पंखा बंद असतो. गॅस जळायला लागणारी हवा त्या छोट्या बंद खोलीतूनच ओढली जाते. ती कमी पडली की ज्वलन अर्धवट होतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, चक्कर येते, मळमळतं आणि माणूस आतून कडी लावलेल्या दाराआड कोसळतो. दर हिवाळ्यात याच कारणाने माणसं जातात. गिझर न्हाणीघराच्या आत असेल तर तो बाहेर, उघड्या गॅलरीत बसवून घ्या, किंवा विजेचा बसवा. तुम्ही येण्याआधीच्या महिनाभरात हे काम होऊ शकतं. तोवर झरोका उघडा ठेवायचा, आधी बादली भरायची, गिझर बंद करायचा आणि मगच अंघोळीला बसायचं. दोन अंघोळींमध्ये दार दहा मिनिटं सताड उघडं. मुलांनी कडी लावायची नाही. कोणाला चक्कर आली तर गॅस बंद करून त्याला मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा. 'थंडीमुळे झालं असेल' म्हणून पांघरूण घालून झोपवू नका. येवल्याच्या घरी कोळशाची शेगडी खोलीत आणत असतील तर तिलाही हेच लागू आहे. शेकोटी अंगणात करा, झोपायच्या खोलीत कधीच नाही.

वडिलांना रक्तदाब असेल तर तुमच्याबरोबर पहाटे साडेपाचला फिरायला निघण्याचा त्यांचा उत्साह थोपवा. गारठ्यात रक्तवाहिन्या आकसतात आणि दाब वाढतो. आठनंतर जावं, डोकं झाकून.

आता अकरा घरं. अकरा घरी जायचं नाही, हे आधी पक्कं करा. यादीतून दोन प्रकारची घरं वेगळी काढा : जिथे सत्तरीपुढची, घराबाहेर न पडणारी माणसं आहेत, आणि जिथे या वर्षी कोणी गेलं आहे. इथे तुम्हीच गेलं पाहिजे. दुःखाच्या घरी पहिल्यांदा जा, मिठाई न घेता, मुलांना बरोबर न नेता, अर्धा-पाऊण तास बसा. अशी तीन-चार घरं निघतील. उरलेल्या सगळ्यांना एकाच संध्याकाळी जेल रोडला बोलवा. ३० डिसेंबर बरा, कारण ३१ ला प्रत्येकाचं आपापलं काही ठरलेलं असतं.

आईला त्या दिवशी पोळ्या लाटायला लागता कामा नये. मिसळ करा. पंचवीस माणसांना दीड किलो कोरडी मटकी, सात डझन पाव, दीड किलो फरसाण, दीड किलो कांदा, बारा-तेरा लिंबं, दोन किलो दही आणि पंचवीस-तीस पापड लागतात. रस्सा सात-आठ लिटर : पाच लिटर काळ्या मसाल्याचा, बाकी मुलांसाठी कमी तिखट वेगळ्या पातेल्यात, आणि तर्री वरून घ्यायला निराळी. इथे चूक होते ती मोडाची. मे महिन्यात मटकीला रात्रीत मोड येतात; डिसेंबरच्या नाशकात दहा-बारा अंशांत ती गप्प बसते. २८ ला पोचलात की त्याच रात्री कोमट पाण्यात भिजवा, २९ ला सकाळी पाणी पूर्ण निथळून ओलसर फडक्यात घट्ट बांधा आणि झाकणाच्या डब्यात घालून वर जुनी गोधडी गुंडाळा. फडकं ओलंचिंब ठेवलं तर मोड येण्याआधी आंबूस वास येतो. ३० च्या दुपारपर्यंत छान मोड येतील. आलेच नाहीत तर बाजारात मोड आलेली मटकी तीन किलो घ्या आणि पुढे जा.

आईच्या बाकीच्या दिवसांसाठी २८ ते २ पर्यंत पोळ्या करायला एक बाई ठरवा. हे तुम्ही परस्पर ठरवा, पैसेही तुम्हीच द्या. आईला विचारलंत तर ती नकोच म्हणणार. दूधवाल्याला रोज दोन लिटर जादा सांगायचं आणि भरलेला सिलिंडर घरात आहे का ते बघायचं, हे वडिलांकडे सोपवा.

जिथे तुम्ही जाणार त्या तीन-चार घरांसाठी शहराच्या बाजू पाडा आणि एका दिवशी एकच बाजू करा. गंगापूर रोड, कॉलेज रोडची माणसं २९ ला सकाळी. ३१ ला तिकडे फिरकू नका; धरणाकडे आणि द्राक्षमळ्यांकडे जाणाऱ्या गाड्यांनी तो रस्ता दुपारपासून भरतो. ३१ आणि १ ला जेल रोड, उपनगर, देवळाली कॅम्प अशी घराजवळची बाजू ठेवा. पंचवटी, म्हसरूळला द्वारका चौक ओलांडून जाणार असाल तर सकाळी दहाच्या आत किंवा दुपारी दोन-अडीचला निघा. सिंहस्थाच्या कामांमुळे कुठला रस्ता कधी खोदलेला असेल ते निघताना कोणाला तरी विचारून घ्या. त्र्यंबकेश्वर आणि शिर्डी या आठवड्यात नकोच. लहान मुलांना घेऊन रांगेत उभं राहण्यापेक्षा देवळाची भेट पुढच्या खेपेला ठेवा.

दिवसाला दोनच घरं, त्यातलं एक जेवणाचं आणि एक चहाचं. फोन करताना "येतोय" एवढंच सांगू नका. "चार वाजता चहाला येतो, साडेपाचला निघू, जेवणाचं करू नका" असं सांगा. वेळ मोकळी सोडली की यजमान जेवणाचा घाट घालतात आणि पुढचं घर बुडतं. मार्गशीर्षातले गुरुवार त्या आठवड्यात येतात का ते पंचांगात बघून घ्या. अनेक घरांत त्या दिवशी व्रत असतं, आणि मैत्रिणीने बेत मटणाचा केला असेल तर दोघींची पंचाईत होते. स्कूटरवरून जाणार असाल तर गळ्याभोवती जाड स्कार्फ घट्ट गुंडाळा. नायलॉन मांजावर बंदी असली तरी संक्रांतीच्या आधीच पतंग उडायला लागतात, आणि येवल्यात तर पतंगाचं वेड मोठं. मुलाला स्कूटरवर पुढे उभं करू नका.

एक दुपार आई-वडिलांच्या कामांसाठी राखा : औषधांची यादी आणि अहवाल एका फाइलमध्ये लावायचे, चष्म्याचे नंबर तपासायचे, न्हाणीघरात धरायला दांडा बसवायचा. बँकेचं काम असेल तर २५ डिसेंबर आणि चौथा शनिवार सुट्टीचे आहेत हे धरून चला.

बंगळुरूहून येताना माणशी भेट आणू नका, घरटी खाऊचं एक पाकीट पुरे. फिल्टर कॉफीची पूड ज्यांच्या घरी फिल्टर नाही त्यांच्याकडे डब्यात पडून राहते.

परतताना ऑफिसातल्यांनी द्राक्षं मागितली तर स्पष्ट नाही सांगा. डिसेंबरअखेरीस बागलाणातली आगाप द्राक्षं तेवढी बाजारात दिसतात. दिंडोरी-निफाडची गोडी जानेवारीअखेरपासून पुढे येते, आणि आंबट घड रेल्वेत चोवीस तास हिंदकळत नेऊन कोणाचं भलं होत नाही. चिवडा न्या, मनुके न्या. येवल्याहून येताना लासलगावकडचा कांदा स्वस्त दिसेल आणि सासरे गोणी भरून देतील. तो लाल कांदा असतो. त्यात पाणी जास्त, साल पातळ, दोन-तीन आठवड्यांत मऊ पडतो किंवा कोंब धरतो. महिनोन्महिने टिकणारा उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलपासून निघतो. पाच किलो घ्या, जाळीच्या पिशवीत, बर्थखाली हवा लागेल असा ठेवा. उरलेली गोणी नाशिकला उतरवा, ३० तारखेच्या मिसळीला दीड किलो लागणारच आहे.